दार बंद करण्याचा ठराव

सत्राच्या सुरुवातीला एम.ए.च्या वर्गाचे नियम मी विद्यार्थ्यांकडूनच ठरवून घेते. सगळे नाही. हजेरीची अट आणि गुणांची विभागणी विद्यापीठ ठरवतं. त्यावर चर्चेचं नाटक केलं तर मुलांना लगेच कळतं. पण निबंधाची मुदत, बोलण्याची पाळी, मोबाइल, उशिरा येणं, हे खरोखर त्यांच्यावर सोपवते.

त्या दिवशी उशिराचा मुद्दा निघाला आणि बघता बघता ठराव झाला: दहा मिनिटांनंतर दार बंद. (नियम करायला दिले की विद्यार्थी आपल्याहून कडक निघतात.) भराभर हात वर झाले. मी फळ्यावर लिहीत असतानाच दार ढकलून तिघं आत आली. सकाळची पाळी संपवून थेट वर्गात येणारी. फळा वाचून त्यांतली एक म्हणाली, "मॅडम, हे आम्ही नसताना ठरलं?"

"बहुमताने ठरलंय," मागून आवाज आला.

"वेळेवर येणाऱ्यांच्या बहुमताने!"

वर्ग हसला, मग गप्प झाला. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. ठराव मीच रद्द केला असता तर आधीची चर्चा फुकट; 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून बाजूला झाले असते तर ती पळवाट. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी 1939 मध्ये मुलांच्या गटांवर केलेला प्रयोग आम्ही शिकवतो. हुकूमशाही गटात प्रमुख बाहेर गेला की काम थंडावायचं, लोकशाही गटात चालू राहायचं, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. तिसरा गट विसरला जातो: तिथे मोठ्या माणसाने अंग काढून घेतलं होतं, आणि काम कमी नि सुमार झालं होतं.

म्हणून मी एवढंच विचारलं, "उशिराने तुमचं नेमकं बिघडतं काय?" उत्तरं निघाली ती वेगळीच. लोक समोरून जातात, शेजाऱ्याला 'काय झालं?' विचारत बसतात. म्हणजे राग उशिरावर नव्हता, व्यत्ययावर होता. मग दाराजवळची रांग त्यांच्यासाठी मोकळी ठेवायची आणि सुरुवातीचे मुद्दे फळ्याच्या कडेला लिहून ठेवायचे, असं ठरलं. झोपेमुळे उशीर करणाऱ्यांनाही हीच सवलत का, यावर मात्र जुंपली. ते शेवटपर्यंत मिटलं नाही. शिकवणं राहिलंच. "तास वाया घालवलास," सहकारी म्हणाले. मला तसं वाटत नाही.

उठता उठता, दार बंद करायचा ठराव मांडणाऱ्यानेच आणखी एक दुरुस्ती सुचवली: महिन्याने फेरविचार, आणि मतदान तास सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी.