आमची वाटचाल: वडापच्या सीटवरून थेरपीच्या झोक्यावर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं दुकान 2009 पासून आहे. काम एकच, गाड्यांची सीट कव्हरं. रिक्षा, टेम्पो, आणि लग्नसराईच्या आधी वडापच्या, म्हणजे सीटमागं भाडं घेणाऱ्या जीपा. 2014 च्या पावसाळ्यात एक मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "दादा, एक लोड करून द्याल का? छताला आडवा टांगायचाय." बैठकीतला लोड छताला कशाला, हे मला कळेना. पण गिऱ्हाईक रिकामं परत पाठवायचं नाही म्हणून हो म्हटलं.

मॅडम ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शिकलेल्या, जिथं 1950 मध्ये कमलाबाई निंबकरांनी देशातलं या विषयाचं पहिलं विद्यालय काढलं. त्यांचं सेंटर लहान मुलांचं, बरीचशी मुलं ऑटिझमची. बोल्स्टर स्विंग नावाचा जो प्रकार त्यांना हवा होता त्याची परदेशी किंमत ऐकून मीच स्टुलावर बसलो. आत पीव्हीसी पाइप, वर फोमचे दोन थर, वर रेक्झिन, दोन्ही टोकांना पट्टा. चार दिवसांत तयार. कडेनं लाल पायपिंगही मारलं. आमच्या धंद्यात पायपिंग म्हणजे कारागिराची सही.

आठवड्यात लोड परत आला. सहा वर्षांचा एक मुलगा त्याला मिठी मारून पालथा पडायचा आणि मांडीला पायपिंग लागलं की किंचाळून उतरायचा. एवढ्याशा शिवणीनं? मॅडम म्हणाल्या, "नव्या शर्टाचं लेबल मानेला टोचतं ना तुम्हाला? दोन मिनिटांत तुम्ही विसरता. त्याच्या मेंदूला ते विसरता येत नाही."

सेन्सरी इंटिग्रेशन मला कळलं ते इथून. कॅलिफोर्नियातल्या जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टनं हा विचार मांडला, 1972 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. डोळे-कान आपल्याला माहीत असतात. पण आतल्या कानातून तोलाची खबर येते, स्नायू आणि सांध्यांतून अंग कुठं आहे याची, कातडीतून स्पर्शाची. या सगळ्या खबरींचा मेंदूत मेळ बसला नाही तर मूल साधं जिन्यावरून उतरतानाही बिचकतं. झोका, दोर, बॉल यांच्या खेळातून तो मेळ बसवायचा, मुलाच्या कलानं घेत. आमची माणसं याला अजूनही "झोक्याचं औषध" म्हणतात.

मग आम्ही लोडाची शिवण खालच्या बाजूला वळवली, पायपिंग काढलं, घामानं रेक्झिन चिकटतं म्हणून वर सुती कॅनव्हासची खोळ दिली. पुढं कापडी बोगद्याचं वेल्क्रो गेलं, कारण ते उघडतानाचा टर्रर्र आवाज काही मुलांना सोसत नाही. सोल्युशनचा वासही असाच. आता फोम चिकटवलेला माल आठवडाभर वाऱ्याला टांगल्याशिवाय बाहेर जात नाही. घाईच्या गिऱ्हाइकाला हे पटत नाही, आम्ही पटवत बसत नाही.

पट्टे कुठं झिजतात ते बघायला पालकांना विचारून मी एकदा सेंटरच्या कोपऱ्यात बसलो होतो. एक मुलगी, पाय जमिनीवरून सुटले की अंग लाकडासारखं ताठ. मॅडमनी सपाट झोका जमिनीपासून दोन बोटांवर आणला. मुलगी बसली, टाचा जमिनीला. झोका हलला नाही, हलवलाही नाही. बऱ्याच वेळानं तिनं स्वतःच टाचेनं जरासं ढकललं. मी पट्टे बघायचं विसरलो. आमच्या झोक्याची उंची गाठी सोडूनच बदलायची, त्यात सगळा वेळ जायचा. दुसऱ्या दिवशी साखळी आणि कॅराबिनर (उघडबंद होणारी कडी) लावून दोन-दोन इंचांनी खालीवर होईल अशी सोय केली. आमचा सर्वांत जास्त खपणारा माल आजही तोच.

एक चूक सांगायलाच हवी. 2016 मध्ये एका ठिकाणी हूक बसवला, वाळूची पोती टांगून हलवायला लागलो आणि फास्टनर प्लास्टरसकट हातात आला. खाली कुणी नव्हतं. चूक माझी, स्लॅब न तपासता भोक मारलं होतं. झोका आडवा होईपर्यंत वर गेला तर खाली येताना दोरावर वजनाच्या तिप्पट ताण येतो. तीस किलोच्या पोराला नव्वद किलो धरायचे, आणि पोरं गप्प बसतात थोडीच. आता जुना स्लॅब असेल तर आधी लोखंडी गर्डर, मग हूक. हूकही तीन तरी हवेत, वेगवेगळे झोके टांगायला. गोल फिरायला स्विव्हल लागतो, तो आम्ही शेजारच्या टर्नरकडून करून घेतो. चढायचा दोर मात्र तालमीतल्यासारखाच, त्याला कोल्हापुरात शोधावं लागत नाही.

2020 मध्ये सेंटरं बंद झाली तेव्हा परत सीट कव्हरं शिवली. एका संस्थेनं त्याआधीचे पैसे अकरा महिने लटकवले होते, ते दिवस बायकोच्या शिलाईवर निघाले. लायक्राच्या झोळ्या तिनंच बसवल्या. चारी बाजूंनी ताणणाऱ्या कापडावर साधी टीप तटकन तुटते, हे मला ठाऊक नव्हतं, तिला होतं.

हल्ली पालक थेट फोन करतात, "ऑटिझमचा झोका पाठवा." मी आधी थेरपिस्टची चिठ्ठी मागतो. काही रागावतात. पण नुसता झोका टांगला म्हणजे थेरपी होत नाही. मॅडमनीच सांगितलं, इंग्लंड-वेल्समध्ये ऑटिझमच्या 138 मुलांवर याच थेरपीची मोठी चाचणी झाली, 2022 मध्ये तिचा निकाल आला. मुलांच्या चिडचिडीत नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळक फरक दिसला नाही. प्रत्येक मुलासाठी ठरवलेल्या छोट्या कामांत मात्र प्रगती दिसली. आत वजन घालून मुलांना घालायच्या जाकिटांचा पुरावा तर आणखी कच्चा. ती आम्ही थेरपिस्टनं वजन लिहून दिल्याशिवाय शिवत नाही. धंदा थोडा बुडतो, बुडू दे.

सध्या आम्ही पाच जण आहोत. सीट कव्हरचं एक मशीन अजून चालू आहे, जुने वडापवाले दुसरीकडं जात नाहीत. परवा इस्लामपूरला नव्या सेंटरचा स्लॅब बघून आलो. गर्डर टाकावाच लागणार. जागेचा मालक म्हणतोय, "पोरांच्या झोक्याला लोखंड कशाला?" रविवारी त्याला वाळूचं पोतं दाखवायला घेऊन जाणार आहे.