पाटकरणींची टोळी, नोंद ४: गणवेश एक, बायका सात

चित्रकथेतल्या पाटकरणींचं काम सध्या इथवर आलंय: गणवेश पक्का, सातपैकी पाच जणींच्या आकृत्या पक्क्या, दोघींचे चेहरे अजून बदलताहेत, संवादांची पहिली फेरी झाली. आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी एवढंच, की शहराचं सगळं पाणी एका बाईच्या, म्हणजे बाईसाहेबांच्या, ताब्यात आहे. कुठल्या वस्तीला किती वेळ पाणी सोडायचं ते ती ठरवते. झडपा फिरवायला, वसुली करायला आणि धाक बसवायला तिच्या हाताखाली सात जणी आहेत, त्याच पाटकरणी. लांबून पाहताना वाचकाच्या मनात फक्त ‘आल्या त्या’ असं यावं, आणि त्या दारापाशी आल्या की ‘हिच्यापेक्षा ती दुसरी आली असती तर बरं’ असं वाटावं. दोन्ही गोष्टी एकाच चित्रातून निघायला हव्यात.

या टप्प्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय असा: वेगळेपण गणवेशावर वरून चिकटवायचं नाही. ते गणवेश वागवण्यातून काढायचं. एकीला लाल रुमाल, दुसरीच्या डोळ्यावर पट्टी, तिसरीच्या गळ्यात साखळी असं वाटप केलं की वाचकाच्या लक्षात सात बायका राहत नाहीत, सात वस्तू राहतात. वस्तू काढली की पात्रही गेलं. शिवाय इतक्या कडक शिस्तीच्या मालकिणीने हे चालवून का घेतलं, याचं उत्तर कथेत कुठेच नसतं. म्हणून आता प्रत्येक फरकाला विचारायचं: बाईसाहेबांना हे ठाऊक आहे का? असेल, तर त्यांनी ते का चालू दिलं? नसेल, तर ती ते कुठे लपवते? ज्या फरकाला उत्तर नाही तो खोडायचा. या चाळणीत निम्म्याहून जास्त ‘छान’ कल्पना गळतात आणि ज्या उरतात त्या कथेच्या कामाच्या असतात.

गणवेश

सुरुवातीच्या आराखड्यात आठ समान वस्तू होत्या, आता पाच आहेत: मेणकापडाचा लांब कोट, उभी कॉलर, कानांमागे घट्ट बांधलेला रुमाल, डाव्या हंसळीवर मिनाकारी केलेला क्रमांकाचा बिल्ला आणि झडपेची लोखंडी चावी. चावी म्हणजे छातीइतका उंच दांडा आणि वर आडवी मूठ. तीच हत्यार, तीच काठी, तीच अधिकाराची खूण. पट्टा आणि बूट आहेत, पण ते प्रत्येकीचे आपापले.

पट्टा आणि बूट समान वस्तूंतून वगळण्याचं कारण सरळ आहे. चित्रकथेतली बरीच पॅनेल, म्हणजे चौकटी, छातीपासून वरची असतात. एकसारखेपणा कमरेखाली ठेवला तर जवळच्या चित्रात सातही जणी वेगवेगळ्या टोळ्यांतून आल्यासारख्या दिसतात. म्हणून नियम असा, की छातीच्या वर कापलेल्या कुठल्याही चित्रात किमान तीन समान वस्तू दिसल्या पाहिजेत. कॉलर, रुमाल आणि बिल्ला हे काम करतात. समान वस्तू पाचाच्या वर नेल्या तर वेगळीच अडचण येते: दर पॅनेलला सात गुणिले आठ तपशील काढताना हात कंटाळतो, तपशील सुटू लागतात, आणि गणवेशातली चूक वाचकाला ‘मुद्दाम केलेला फरक’ वाटते.

आता यातली सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती. कोठारात कोटाची मापं तीनच आहेत असं ठरवलं. शिवणकाम तेच, कापड तेच, पण सात शरीरं तीन मापांत बसवायची. लगेच फरक आपोआप येऊ लागतात. तुळसाला सगळ्यात लहान मापही मोठं होतं, म्हणून बाही दोनदा दुमडलेली आणि कोट पोटरीच्या मध्यापर्यंत. दुमडलेल्या बाहीतून फिक्या पिवळ्या अस्तराची पट्टी दिसते आणि तिला एक उठावाचा रंग मिळतो, तोही गणवेशातूनच. शेवंताला मोठं मापही अपुरं, मनगटं चार बोटं उघडी, कोट गुडघ्याच्या वर. गोदाचा कोट छातीवर लागत नाही, वरची दोन बटणं कायम उघडी, पट्टा नेहमीपेक्षा वर. यातल्या कशालाही शिस्तभंग म्हणता येत नाही, म्हणून बाईसाहेबांना त्याचा जाब विचारावा लागत नाही.

दुसरा झरा झिजेचा. चावी खांद्यावर टाकून चालायची म्हटलं की त्या खांद्यावरचं मेणकापड आधी फाटणार. तिथे ठिगळ. सहा जणींचं ठिगळ उजव्या खांद्यावर, जनी डावखुरी म्हणून तिचं डाव्या. जनीला एवढाच दृश्य फरक दिलाय आणि तो पुरतो. मात्र इथे एक धोका आहे. काम तपासायला चित्र आडवं उलटवून पाहायची सवय बहुतेकांना असते. उलटवलेलं चित्र तसंच सेव्ह झालं, किंवा पॅनेलच्या सोयीसाठी आकृती फिरवून वापरली, तर बिल्ला उजवीकडे जातो आणि जनी उजवी होते. बिल्ला वेगळ्या लेअरवर (चित्राच्या स्वतंत्र थरावर) ठेवा आणि शेवटच्या फेरीत फक्त बिल्ले आणि ठिगळं तपासा.

रंगाची झीजही मोजून ठेवली. करड्या छटांत पाहिलं तर सगळ्यात नवा कोट ७५ टक्के काळा, सगळ्यात जुना, म्हणजे गोदाचा, ६० टक्के. बाकीचे मधे. १५ टक्क्यांपेक्षा जास्त अंतर दिलं की घोळक्याच्या चित्रात तो एक कोट गटातून सुटून बाहेर येतो. फरक रंगछटेत करण्याचा मोह टाळा. हिरवट कोट आणि निळसर कोट स्क्रीनवर वेगळे दिसतात, पण रात्रीच्या प्रसंगात दोन्ही एकच होतात. आपल्या कथेत निम्मे प्रसंग रात्रीचे आहेत.

शरीरं आणि चेहरे

स्त्री-हस्तकांच्या बाबतीत नेहमी दिसणारी खोट अशी की शरीर एकच, चेहरा एकच, फक्त केस बदललेले. पुरुषांच्या टोळीत लठ्ठ, काटकुळा, कुबडा, म्हातारा असे सगळे सापडतात आणि बायकांच्या टोळीत सगळ्या पंचविशीतल्या, सडपातळ. हे आळसाचं काम आहे आणि वाचकाला ते कळतं. पाटकरणींचं वय १९ ते ५८ ठेवलंय. वयाने चेहऱ्याला जेवढं वेगळेपण मिळतं तेवढं केशरचनेने कधी मिळत नाही.

उंची डोक्याच्या मापात, म्हणजे डोक्याच्या उंचीच्या किती पट ते: प्रौढ माणूस साधारण साडेसात डोक्यांचा असतो, हे मधलं माप. शेवंता ८, गोदा ७, तुळसा ६.५, बाकीच्या ७ ते ७.५ मध्ये. डोकं मात्र सगळ्यांचं जवळपास एकाच आकाराचं, कारण प्रत्यक्षातही उंचीच्या मानाने डोक्याचा आकार फार कमी बदलतो. अर्ध्या डोक्यापेक्षा कमी फरक गर्दीत दिसत नाही, त्यामुळे मधल्या चौघींना उंचीऐवजी खांद्याच्या रुंदीने आणि मानेच्या कलाने वेगळं केलं.

६.५ डोक्यांची आकृती पटकन लहान मुलीसारखी दिसू लागते. तुळसा १९ वर्षांची आहे, बारा नाही. उपाय चेहऱ्यात आहे: प्रौढ डोक्यात डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येते, मुलांमध्ये ती त्याखाली असते. रेषा मध्यावर पक्की ठेवली, जबडा थोडा लांबवला, मान उघडी ठेवली, की वय जागेवर येतं.

चाचण्या दोनच. पहिली: सातही आकृत्या पूर्ण काळ्या भरायच्या, ६४ पिक्सेल उंचीला आणायच्या आणि कोण कोण ओळखू येतं ते प्रकल्पाशी संबंध नसलेल्या माणसाला विचारायचं. दुसरी जास्त निर्दय: रुमाल आणि केस काढून सात टकली डोकी एका ओळीत. इथे जबडा, भुवई आणि डोळ्यांतलं अंतर, नाकाचा कणा, कानाची जागा यांखेरीज काहीच उरत नाही. अंबू आणि मंजिरी या दुसऱ्या चाचणीत अजून एकमेकींत मिसळतात. अंबूचा वरचा ओठ लांब करून आणि मंजिरीच्या पापण्या जड करून पुढची फेरी घ्यायची आहे.

किती वेगळेपण, कोणाला

सगळ्यांना सारखं वाटायचं नाही. १९३३ मध्ये हेडविग फॉन रेस्टॉर्फ या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने दाखवून दिलं, की एकसारख्या गोष्टींच्या यादीत वेगळी असलेली गोष्ट जास्त लक्षात राहते. आपल्यासाठी त्याचा अर्थ असा, की बाकीच्या सारख्या असतील तरच एखादी उठून दिसते. सातही जणी विचित्र केल्या तर कोणीच विचित्र नाही. गोदाला तीन फरक, शेवंता आणि तुळसाला दोन-दोन, उरलेल्या चौघींना एक-एक, असे एकूण ११. नवा फरक सुचला तर जुना एक काढायचा.

ओळख करून देण्याचा क्रमही त्यालाच धरून आहे. माणसाला एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरता येतात असा अंदाज नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडला होता. म्हणून पहिल्या प्रसंगात सातही जणी दिसतात, पण नाव फक्त तिघींना मिळतं. रखमा आणि अंबू दुसऱ्या प्रकरणात, जनी आणि मंजिरी त्याही पुढे. नावांचं पहिलं अक्षर सातही जणींचं वेगळं आहे, आणि ते तसंच राहू द्या: वाचक नाव पूर्ण वाचत नाही, त्याचा आकार ओळखतो.

मातीच्या सैन्याचा दाखला इथे द्यावासा वाटतो. १९७४ मध्ये चीनमध्ये शीआनजवळ छिन सम्राटाच्या समाधीपाशी जे मृत्तिका-सैनिक सापडले, त्यांची डोकी मोजक्या साच्यांतून काढलेली आहेत, आणि नंतर हाताने माती लावून मिशा, कान, केसांच्या गाठी घडवलेल्या आहेत. हजारोंची रांग सैन्य म्हणून दिसते आणि जवळ गेलं की माणसं दिसतात. साचा आधी, हात नंतर, हा क्रम आपल्यालाही लागू आहे.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं, पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमे राज्याचं स्त्री-सैन्य. तिथे बंदूकधारी, धनुर्धारी, हत्तींची शिकार करणाऱ्या अशा हत्यारानुसार वेगळ्या तुकड्या होत्या. म्हणजे हत्यार हा तुकडीचा फरक होता. कथांमध्ये नेमकं उलट होतं: एकीला चाबूक, एकीला सुरा, एकीला पंखा. मग मारामारीत प्रत्येकीची पाळी लावावी लागते आणि टोळी जत्रेतल्या खेळांसारखी दिसते. पाटकरणींकडे चावी एकच. फरक धरण्यात: शेवंता दांड्याचं टोक धरून लांबून फिरवते, तुळसा मधोमध धरते आणि दोन्ही टोकं वापरते, गोदा ती जमिनीवर टेकवून उभी राहते आणि बहुधा वापरतच नाही.

उभं राहणं आणि बोलणं

मॉडेल शीटवर, म्हणजे पात्रांच्या नमुना-आकृत्यांच्या पानावर, आता प्रत्येकीच्या दोन आकृत्या आहेत. वरच्या ओळीत बाईसाहेब समोर असताना: पाय खांद्याइतके दूर, चावी उभी, नजर सरळ. खालच्या ओळीत बाईसाहेबांनी पाठ फिरवल्यावर. वरची ओळ सातही जणींची एकच आहे, फक्त चावी धरणारा हात जनीचा डावा, आणि तेवढी सूट बाईसाहेबांनी कामापोटी दिलेली आहे. वेगळेपण सगळं खालच्या ओळीत: एक वजन एका पायावर टाकते, एक चावीवर हनुवटी टेकते, रखमा मात्र तशीच ताठ राहते, आणि तिच्याविषयी तेवढंच सांगायचं आहे. गटाची ताकद वरच्या ओळीतून येते, म्हणून प्रसंगाच्या पहिल्या पॅनेलला ती, आणि मग एकेक जण सैल.

संवादांतही तसंच. समान भाग ठरलेला: लोकांशी नेहमी ‘तुम्ही’, आवाज न चढवता, धमकी कधीच शब्दांत नाही. आपापसांत अगं-तुगं, फक्त गोदाला सगळ्या ‘मावशी’ म्हणतात. तकियाकलाम, म्हणजे तोंडी बसलेलं पालुपद, कोणालाही दिलेला नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पोपटपंची होतो. त्याऐवजी एकच आदेश तिघींना द्यायचा आणि उत्तर लिहायचं. आदेश, ‘खालच्या आळीची झडप बंद करा.’

गोदा: ‘केली.’

शेवंता: ‘ती म्हातारी रांगेत आहे अजून. तिची कळशी भरू दे, मग करते.’

तुळसा: ‘किती वाजेपर्यंत?’

नावं झाकली तरी कोण बोललं ते कळलं पाहिजे. बोलीभाषा फक्त एकीच्या तोंडी घालून तिला वेगळं करण्याचा मार्ग टाळलाय, कारण त्यात ती आपोआप खालची ठरते. गद्यात लिहिणाऱ्यांना गणवेशाचं वर्णन पहिल्या भेटीत दोन वाक्यांत उरकता येईल. पुढे फक्त फरक लिहायचा, तोही क्रियेत: ‘शेवंताने बाही खाली ओढली, ती परत वर गेली.’

एक सापळा रचनेचाही आहे. हस्तक बाईला नाव आणि आवडनिवड मिळाली की पुढच्या पाच पानांत तिचा बळी जातो. वाचक हे ओळखू लागले आहेत. म्हणून जनीला तिच्या नावाच्या प्रसंगानंतर किमान एक पूर्ण प्रकरण काहीही न होता काम करू द्यायचं ठरलंय: झडप, वसुली, घरी परत.

पुढचं काम धरणाच्या दरवाजावरची रात्र. पाऊस, कंदील दूर, रुमाल नाकावर ओढलेले, बिल्ले कोटाखाली. सहा पॅनेल, एकही चेहरा नाही, एकही नाव नाही. पावलाची लांबी, खांद्यांची रेघ, कोटाची उंची आणि चावीचा कोन एवढ्यावर सातही ओळखू आल्या पाहिजेत. पहिले कच्चे थंबनेल (छोटे आराखडे) झाले आहेत. त्यांत गोदा, शेवंता, तुळसा आणि जनी लगेच सापडतात, रखमा ताठपणामुळे तिसऱ्या पॅनेलला. अंबू आणि मंजिरीसाठी चालण्याचे तीन-तीन नमुने काढायला घेतले आहेत. या दोघींसाठी कुणाला चाल सुचत असेल तर फक्त काळी आकृती पाठवा, कपड्यांचे तपशील नकोत.