पंचांग स्कॅनिंग: ३४ चे २४ कसे झाले

मंडळी, आत्याकडची जुनी पंचांगं मी स्कॅन करतोय, त्यातलं शके १८७७ चं पूर्ण झाल्याचं मागच्या वेळी कळवलं होतं. तो आनंद चार दिवस टिकला. आधी महत्त्वाचं सांगतो: स्कॅनची पीडीएफ करण्याच्या माझ्या कमांडमध्ये सगळ्यात शेवटी जी स्क्रिप्ट येते, पानं दाबून लहान पीडीएफ करणारी, ती आजपासून वापरू नका. ती आकडे बदलते. ओसीआरमधले (म्हणजे चित्रातून ओळखून काढलेल्या मजकुरातले) नाही, चित्रातलेच.

सापडलं ते असं. तिथींचे रकाने टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅममधून काढून तक्त्यात भरत होतो. आश्विन वद्यात द्वितीया ३१ घटी (म्हणजे सूर्योदयानंतर इतक्या घटींनी तिथी संपते; एक घटी २४ मिनिटांची), तृतीया २४ आणि चतुर्थी ३७ आली. बाणवृद्धी रसक्षय आपल्याला पाठच आहे: तिथी फार तर पाच घटी वाढेल, फार तर सहा घटी घटेल. एका दिवसात सात घटी खाली आणि लगेच तेरा वर, हे आकाशात घडत नाही.

साहजिकच टेसरॅक्टवर संशय घेतला. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. मराठीचा ‘बेस्ट’ डेटा लावून पाहिला, रकाना कापून एकटा दिला, फक्त अंक ओळखायला लावले. उत्तर दर वेळी २४. शेवटी डोळ्यांनी पीडीएफ पाहिली, तर तिथेही स्वच्छ २४! मग वाटलं, छापखान्याची चूक असेल. मूळ प्रत परत गेलेली, म्हणून मिरजेला आत्याला फोन केला आणि पान उघडायला सांगितलं. ती म्हणाली, “अरे, चौतीस आहे. चष्मा न लावता दिसतंय.”

त्या रात्री पान ८०० टक्के मोठं करून बसलो. खिळ्यांची छपाई आहे, प्रत्येक अंकाला शाई थोडी वेगळी लागलेली असणार. पण या पानावरच्या प्रत्येक २ च्या शेपटीला एकाच जागी एकसारखी बारीक खाच होती. तृतीयेच्या २ लाही तीच. म्हणजे तो तिथला अंक नव्हताच. दुसरीकडचा २ उचलून तिथे चिकटवलेला होता.

हे काम जेबिग-२ च्या लॉसी पद्धतीचं. जेबिग-२ म्हणजे काळीपांढरी चित्रं दाबून लहान करण्याची रीत, आणि लॉसी म्हणजे त्यात मूळ तपशील थोडे गमावणारी. ती पानावरचे सुटे ठिपके-आकार गोळा करते, सारखे वाटणारे एका गटात टाकते आणि गटातला एकच नमुना सगळीकडे वापरते. सारखेपणाचा उंबरठा सैल ठेवला की फाइल लहान होते आणि ३ चा २ होतो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञांनी झेरॉक्सच्या वर्कसेंटर यंत्रांत हेच दाखवलं होतं. घराच्या नकाशावर खोल्यांची मापं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती, प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३ झाल्या. हे मी तेव्हा वाचलं होतं, पण ते कार्यालयातल्या यंत्रांचं दुखणं समजून सोडून दिलं.

देवनागरीत हे आणखी लपून राहतं. शिरोरेखेमुळे अख्खा शब्द एकच आकार धरला जातो, त्यामुळे शब्दांची अदलाबदल सहसा होत नाही. अंकांना शिरोरेखा नाही. ते सुटे असतात आणि नेमके तेच सापडतात. मजकूर वाचताना वर्षभर मला काहीही खटकलं नाही, ते यामुळेच.

आता त्या स्क्रिप्टबद्दल. तिचा रेपो, म्हणजे कोड ठेवलेली जागा, उघडून पाहिला. शेवटचा बदल २०१६ चा. उंबरठा कोडमध्येच सैल करून ठेवलेला, त्याचा कुठे उल्लेख नाही. तिथल्या इश्यूंमध्ये, म्हणजे तक्रारींच्या यादीत, एकाने फार पूर्वी ‘तक्त्यातले आकडे बदलतात’ असं चित्रासकट लिहून ठेवलंय, त्याला उत्तर नाही. लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याने फुकट, स्वतःच्या गरजेपुरतं केलं आणि वाटून टाकलं. पण सोडून दिलेलं साधन बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. हे चालू राहतं, चूक दाखवत नाही आणि हिरव्या अक्षरांत ‘पूर्ण’ म्हणतं. रीडमीत, म्हणजे सोबतच्या माहितीपत्रकात, चार ओळींचा इशारा घालणारी पुल रिक्वेस्ट (बदलाची विनंती) पाठवली आहे. ती स्वीकारायला तिथे कुणी नाही, म्हणून इथे लिहितोय.

रेपो माझ्या ताब्यात द्या, अशी मेल मूळ लेखकाला लिहायला घेतली होती. अर्ध्यात थांबलो. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या मोफत साधनाचं काय झालं ते आठवलं: एकटा थकलेला सांभाळणारा, मदतीला आलेला अनोळखी माणूस, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये घुसवलेला चोरदरवाजा. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरण्याच्या सोयीने) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे जाणवलं म्हणून ते उघड झालं. मीही त्या लेखकाला अनोळखीच. जुन्या नावावर लोकांचा जो विश्वास आहे, तो असा मागून घेऊ नये. फोर्कही (कोडची स्वतःची वेगळी प्रतही) नको, कारण त्याची खरं तर गरजच नाही. ओसीआरमायपीडीएफ नावाचा मोफत प्रोग्रॅम हे काम करतो, त्यात लॉसी जेबिग-२ आपोआप चालू होत नाही आणि तो नियमित सांभाळला जातो. फाइल थोडी मोठी होते, होऊ दे. स्कॅनची पानं नीटनेटकी करणाऱ्या स्कॅनटेलरचंही तसंच: मूळ सोडा, स्कॅनटेलर ॲडव्हान्स्ड घ्या.

नुकसान सांगतो. १८७७ च्या टिफ, म्हणजे न दाबलेली मूळ स्कॅनचित्रं, डिस्कवर आहेत, ते पुन्हा बांधून झालंसुद्धा, आणि तृतीया ३४ झालेली पाहून फार बरं वाटलं. १८७४ ते १८७६ च्या टिफ मात्र जागेसाठी पुसल्या होत्या. तिन्ही वर्षं पुन्हा काचेखाली घालावी लागणार.

किंवा कदाचित सगळी नाही. हे लिहिता लिहिताच सुचलं: बाणवृद्धी रसक्षयाचीच तपासणी सगळ्या तक्त्यांवर चालवली तर निदान संशयाची पानं तरी निघतील. लगेच १८७४ च्या चैत्रावर करून पाहिलं, दोन ठिकाणं लागली. पण ३३ चा ३२ झाला असेल तर तो या चाळणीतून निसटतो, कारण एका घटीचा फरक नियमात बसतो. म्हणजे तक्त्यांची पानं सगळीच पुन्हा, आणि संवत्सरफल, मुहूर्त वगैरे मजकुराची पानं जुनी चालतील का ते खाच शोधून ठरवायचं. आत्याला कळवलंय, शनिवारी मिरजेला जाऊन तिन्ही पंचांगं घेऊन येतो.