नऊ मिलिमीटरच्या रुळावरचे दोन दिवस

या शनिवार-रविवारचा माझा बेत अगदी साधा होता. माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटच्या पुढच्या कडेला असलेल्या सरळ मार्गावर खडी टाकायची, ती वाळेपर्यंत मालधक्क्याच्या छपराला रंग द्यायचा आणि रविवारी संध्याकाळी मालगाडीच्या दोन-चार फेऱ्या मारून थांबायचे. प्रत्यक्षात शनिवारचा जवळजवळ सगळा दिवस रुळांच्या एका जोडापाशी गेला आणि खडीचा डबा रविवारी दुपारपर्यंत उघडलाच गेला नाही. तरीही गेल्या कित्येक आठवड्यांत झाले नव्हते इतके काम या दोन दिवसांत झाले, असे मला मनापासून वाटते.

ज्यांनी हा लेआउट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद अशा प्लायवुडच्या फळीवर लंबवर्तुळाकार मुख्य मार्ग, गाड्या एकमेकींना पार करू शकतील अशी एक वळणवाट आणि मालधक्क्याकडे जाणारा एक फाटा, एवढाच त्याचा पसारा आहे. प्रमाण एन, म्हणजे खऱ्या रेल्वेच्या १:१६०. न्युरेंबर्गच्या अर्नोल्ड कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ९ मिलिमीटर रुंदीच्या रुळावर चालणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या, तिथून हे प्रमाण जगभर पसरले. ९ला १६०ने गुणले की १,४४० मिलिमीटर येतात आणि खऱ्या रेल्वेतल्या स्टँडर्ड गेजची, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची, रुंदी १,४३५ मिलिमीटर असते, त्यामुळे हा मेळ फारच चांगला आहे. पण हाच गुणाकार चुकांनाही लागू पडतो. आपल्या हातून अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर ती खऱ्या रेल्वेतल्या ८ सेंटिमीटरच्या चुकीइतकी असते आणि तेवढ्या चुकीवरून कुठलीच गाडी धड जाणार नाही. छोट्या प्रमाणात काम करणाऱ्याने हे एक गणित कायम डोळ्यांसमोर ठेवावे, असे माझे मत आहे.

शनिवारी खडी टाकण्याआधी सवयीप्रमाणे आठ वाघिणींची (मालडब्यांची) मालगाडी सोडली, कारण एकदा खडी चिकटली की खालच्या रुळाला हात लावणे फार जड जाते. तिसऱ्या फेरीला डावीकडच्या वळणावर चौथी वाघीण घसरली. ती उचलून पुन्हा ठेवली, तर दोन फेऱ्यांनंतर त्याच जागी पुन्हा घसरली. पहिला संशय अर्थातच वाघिणीवर गेला. ही दोन आसांची लहानशी वाघीण तराजूवर ठेवली, तेव्हा तिचे वजन जेमतेम १७ ग्रॅम भरले. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार एन प्रमाणातल्या डब्याचे वजन मुळात अर्धा औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचामागे आणखी ०.१५ औंस असावे. त्या हिशेबाने माझ्या दोन इंची वाघिणीचे वजन सुमारे २३ ग्रॅम हवे होते. मी तिच्या तळाशी शिशाचा लहान तुकडा चिकटवला आणि गाडी पुन्हा सोडली. घसरणे कमी झाले, पण थांबले नाही. आता दहा-बारा फेऱ्यांत एकदा घसरत होती.

इथे थांबून खडी टाकायला घ्यावी, असा मोह मला झाला होता आणि तसे केले नाही याचे आज फार समाधान वाटते. दर दहा फेऱ्यांनी एकदा दिसणारा दोष रोज दिसणाऱ्या दोषापेक्षा अधिक त्रास देतो, कारण तो शोधायला बसले की हुलकावणी देतो. वजन वाढवल्यामुळे वाघीण सुधारली होती, मात्र तिला उडवणारी गोष्ट रुळात जशीच्या तशी होती. मग वाघिणीतले शिसे पुन्हा काढले आणि ती सतत घसरू दिली, म्हणजे जागा नेमकी सापडेल.

जागा शोधण्याची माझी पद्धत अशी आहे. खोलीतला दिवा मालवायचा, विजेरी रुळाच्या पातळीवर आडवी ठेवायची आणि गाल फळीला टेकवून एका डोळ्याने रुळाच्या रेषेत पाहायचे. वरून पाहताना जे वळण अखंड आणि गोल वाटते, ते या कोनातून पाहिले की त्यातला प्रत्येक पोक उठून दिसतो. बाहेरच्या रुळाच्या जोडापाशी प्रकाशाची रेघ किंचित मोडली होती. दोन्ही रुळांची टोके गोलाईत न वळता सरळ राहिली होती आणि त्यांच्यामध्ये एक बारीक कोन तयार झाला होता. नखाने रुळाच्या आतल्या कडेवरून हळूच चाचपले, तर जोडावर नख अडकत होते. चाकाची कडा नेमकी तिथे चढत होती आणि हलकी वाघीण रुळावरून उतरत होती.

कारण माझ्याच कामात होते. हा मार्ग टाकताना मी लवचीक ट्रॅकचे दोन तुकडे आधी वाकवले आणि मग जोडपट्टी सरकवून एकमेकांना जोडले. लवचीक ट्रॅकच्या रुळाला स्वभावतः सरळच राहायचे असते. मधल्या भागात स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, त्याला गोलाईत धरून ठेवतात, पण टोकाशी धरायला कोणी नसते आणि नेमका तिथेच तो ताठ होतो. योग्य रीत उलटी आहे. तुकडे सरळ असतानाच जोडून सोल्डर करायचे (वितळलेल्या धातूने डाख द्यायचा) आणि त्यानंतर सगळी लांबी एकत्र वाकवायची, म्हणजे जोडावरही गोलाई अखंड राहते. ही रीत मला माहीत होती, पण त्या दिवशी मी घाई केली होती.

दुरुस्तीसाठी जोडाच्या दोन्ही बाजूंचा सुमारे ४० सेंटिमीटर ट्रॅक सोडवावा लागला. कॉर्कच्या पट्टीवर पांढऱ्या गोंदाने तो चिकटवलेला होता. कोमट पाणी टाकून वीस मिनिटे थांबल्यावर पातळ पाते खालून सरकवले, तेव्हा स्लीपर न तुटता तो अलगद सुटून आला. जोडाजवळचे दोन-दोन स्लीपर काढून ठेवले, कारण प्लॅस्टिकचे स्लीपर सोल्डरच्या उष्णतेने क्षणात वितळतात. त्यांच्या पुढच्या स्लीपरपाशी ओल्या कापसाचे बोळे दोन्ही बाजूंनी रुळावर ठेवले. रुळाची टोके बारीक कानशीने घासून चकचकीत केली, जोडपट्टीच्या बाहेरच्या बाजूला सोल्डर नीट धरावे म्हणून फ्लक्सचा लहानसा ठिपका लावला आणि तापलेली सोल्डरिंगची सळई टेकवून मनात दोनपर्यंत मोजले. सोल्डरची तार सळईला न लावता रुळाला लावायची, म्हणजे रूळ पुरेसा तापला आहे की नाही ते तारच सांगते. ती वितळली, पाण्यासारखी पसरली आणि जोडपट्टीत आत ओढली गेली, तसे मी सळई काढून घेतली. सगळे मिळून तीन सेकंद लागले असतील. आतल्या बाजूला सोल्डरचा एक कण उरला होता, तो कानशीच्या दोन हातांत निघून गेला.

ट्रॅक पुन्हा वाकवताना आतला रूळ बाहेरच्यापेक्षा पुढे सरकून आला, कारण आतल्या वळणाची लांबी कमी असते. तो जादा तुकडा कापून, टोक साफ करून आणि काढलेले स्लीपर तळाशी थोडे घासून जोडाखाली परत सरकवून मार्ग पूर्ववत बसवला. एक काळजी मात्र घेतली. वळणावरचे जोड सोल्डर केले असले, तरी सरळ भागातले जोड मोकळे ठेवले आणि तिथे कागदाच्या जाडीइतकी फट सोडली. दमट हवेत लाकडी फळी फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. तिच्या या हालचालीला वाव दिला नाही, तर रूळ स्वतःच वाट काढतात आणि बाजूला फुगवटा येतो. मोकळ्या जोडांतून वीज नीट जाईल अशी खात्री नसते, म्हणून प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तारा दिलेल्या आहेत.

चाचणी मात्र सावकाश घेतली. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी खरी गाडी एन प्रमाणात सेकंदाला सुमारे १४ सेंटिमीटर जायला हवी, म्हणजे एक मीटर अंतर कापायला तिला सात सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. आपण बहुतेक जण याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने गाड्या पळवतो आणि वेगात काही दोष झाकलेही जातात. म्हणून आधी याच वेगाने, मग त्याच्या निम्म्या वेगाने आणि शेवटी इंजिन मागे लावून ढकलत, अशा तीन प्रकारे गाडी चालवली. ढकलताना प्रत्येक वाघिणीवर मागून दाब येतो आणि वळणावर तो दाब तिला बाहेर लोटतो, त्यामुळे रुळाची यापेक्षा कठोर परीक्षा दुसरी नाही. शिसे काढलेली ती हलकी वाघीण तीस फेऱ्यांत एकदाही घसरली नाही. मग तिला तिचे शिसे परत दिले.

रविवारी सकाळी मालधक्क्याच्या फाट्यावरचा सांधा, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारी रुळांची जागा, हाती घेतला. तीन आसांचे शंटिंगचे छोटे इंजिन या सांध्यावर मंद गतीत हमखास थांबत असे. सांध्यात ज्या ठिकाणी दोन मार्गांचे आतले रूळ एकमेकांना छेदतात, त्या भागाला फ्रॉग म्हणतात. तिथे दोन विरुद्ध ध्रुवांचे रूळ एकत्र येत असल्याने तो भाग विजेपासून वेगळा ठेवलेला असतो. लांब इंजिन बाकीच्या चाकांवर वीज घेत पार होते, पण माझ्या या इंजिनाची एका बाजूची तीनपैकी दोन चाके त्या निर्जीव भागावर येतात आणि उरलेल्या एका चाकावर कणभर धूळ असली तरी ते थांबते. सुदैवाने माझ्या सांध्याचा फ्रॉग धातूचा आहे. त्याला खालून तार जोडली आणि सांधा बदलणाऱ्या दांडीला लागून एक मायक्रोस्विच बसवला, म्हणजे सांधा ज्या बाजूला वळेल त्या बाजूचा ध्रुव फ्रॉगला मिळेल. पहिल्या वेळी तारा उलट लागल्या आणि इंजिन फ्रॉगवर येताच शॉर्ट होऊन कंट्रोलर बंद पडला. दोन तारांची अदलाबदल केल्यावर इंजिन जवळजवळ रांगत्या गतीने सांधा ओलांडून मालधक्क्यापर्यंत गेले. त्या वेळी झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

दुपारी अखेर खडीची पाळी आली. खऱ्या मार्गावरचा ५० मिलिमीटरचा दगड १:१६०मध्ये ०.३ मिलिमीटरचा होतो, पण या प्रमाणासाठी म्हणून मिळणारी खडी बरेचदा याहून जाड असते आणि रुळाशेजारी धोंडे पडल्यासारखे दिसते. म्हणून मी बारीक वाळू धुऊन, वाळवून, दुहेरी मलमलीतून चाळून वापरली. चाळलेल्या वाळूतून चुंबक फिरवायला विसरू नये. तिच्यात लोहाचे काळे कण असतात आणि इंजिनाच्या मोटरमधले चुंबक ते आत ओढून घेते. माझ्या एक वाटी वाळूतून चिमूटभर काळी भुकटी निघाली.

त्याआधी रुळांच्या कडा गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवल्या आणि रंग ओला असतानाच रुळांचा माथा पुसून घेतला. वाळू कागदाच्या पन्हाळीतून रुळांच्या मध्ये आणि दोन्ही बाजूंना सोडली, मऊ कुंचल्याने सारखी केली आणि बोटाने रुळावर हलकेच टकटक करत गेलो, म्हणजे स्लीपरवरचे दाणे आपोआप खाली बसतात. मग पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून त्याचा धुक्यासारखा फवारा मारला. ही पायरी गाळली तर गोंदाचा थेंब वाळूवर मण्यासारखा तरंगतो आणि घरंगळताना खड्डा पाडतो. पूर्ण भिजल्यावर एक भाग पांढरा गोंद आणि तीन भाग पाणी असे मिश्रण ड्रॉपरने थेंबाथेंबाने सोडले. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळचा दोन बोटे भाग मात्र मुद्दाम कोरडा ठेवला, कारण तिथे गोंद झिरपला तर सांधा कायमचा जखडला जातो. तो भाग पुढे दाट गोंदाने कुंचल्याच्या टोकावर दाणे घेऊन भरावा लागेल. दोन तासांत ६० सेंटिमीटर मार्ग पूर्ण झाला. यापेक्षा वेगाने हे काम करू नये, असेच मला वाटते.

मालधक्क्याच्या छपराला रंगाचा एकच हात झाला, दुसरा राहिला आहे. मागच्या बाजूच्या चढाच्या मार्गाचे फक्त गणित झाले. खालच्या रुळावरून पूल नेण्यासाठी ५० मिलिमीटर उंची हवी आणि चढ शंभरात दोन ठेवला तर त्याला अडीच मीटर लांबी लागते. एवढी लांबी माझ्या फळीवर वळणांसकट कशीबशी बसते, त्यामुळे चढ थोडा वाढवायचा की खालचा मार्ग थोडा उतरवायचा, हे अजून ठरलेले नाही. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण वळणावरच्या चढाला इंजिन सरळ चढापेक्षा लवकर दमते.

रविवारी रात्री दिवा बंद करण्याआधी पाहिले, तेव्हा खडी अजून ओली आणि गडद होती. वाळल्यावर तिचा रंग उतरून मूळचा राखाडी होईल. तोवर या मार्गावर गाडी सोडायची नाही म्हणून दोन्ही टोकांना कागदाची लाल पट्टी ठेवली आहे. पुढच्या शनिवारचे पहिले काम म्हणजे रुळांच्या माथ्यावर सुकलेला गोंद अल्कोहोलच्या फडक्याने पुसणे आणि सुटे राहिलेले दाणे ओढून घेणे. त्यानंतर ती हलकी वाघीण सगळ्यात पुढे लावून मालगाडी ढकलत नेणार आहे.