गुरुजी फक्त रडायचे का?

मागच्या सुट्टीत भाचा आला होता धुळ्याला, आठवीत आहे, सगळं पुण्यात वाढलेलं पोर. म्हटलं चल तुला अमळनेर दाखवते, साने गुरुजींचं गाव. एसटीत बसल्या बसल्या तो म्हणाला, "मावशी, ते श्यामवालेच ना? सारखे रडायचे ते?" त्याने वाईट हेतूने नव्हतं विचारलं, शाळेत धड्यात जेवढं येतं तेवढंच त्याला माहिती. पण मला खूप लागलं ते. कारण मी पण शाळेत शिकवते आणि मीच माझ्या वर्गात गुरुजी शिकवताना आई, संस्कार, डोळ्यात पाणी एवढ्यावरच थांबते, पुढे जातच नाही. तेव्हा त्या दिवशी त्याला जे जे सांगितलं आणि जे सांगायचं राहिलं ते इथे लिहून ठेवते.

पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, पालगड, म्हणजे कोकणातले. आपल्याकडे आले ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला, आणि १९२४ पासून प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर झाले. सहाच वर्षं नोकरी केली हो त्यांनी! पण खान्देशाने त्यांना आपलं म्हटलं ते कायमचं, माझी आजी तर त्यांना कोकणातले म्हटलेलं ऐकूनच घ्यायची नाही.

शाळेच्या छात्रालयाचं काम त्यांच्याकडे होतं. पोरं शाळेत गेली की हा माणूस त्यांच्या खोल्या झाडायचा, अंथरुणांच्या घड्या घालायचा, कोपऱ्यात टाकलेले मळके कपडे धुवून वाळत घालायचा. लेक्चर नाही, शिक्षा नाही. काही दिवसांनी पोरं लाजून स्वतःच करायला लागायची. आणि त्यांच्यासाठी रोज हाताने लिहून एक दैनिक काढायचे, छात्रालय नावाचं. रोज म्हणजे रोज. मी आमच्या शाळेचं भित्तिपत्रक महिन्यातून एकदा काढते तर नाकी नऊ येतात, कोणी लिहून देत नाही, शेवटी रात्री बसून मीच चिकटवते, त्यामुळे रोज काढणं म्हणजे काय असतं ते मला कळतं. भाच्याला म्हटलं तुझे मोजे तुझ्या सरांनी धुतले तर? तो हसला आधी, मग गप्प बसला.

मला वाटतं त्यांचा सत्याग्रह तिथूनच सुरू झाला, मिठाच्या वेळेस नाही. समोरच्याला बदलायचंय ना, मग त्याच्यावर हात उगारायचा नाही, त्याचं ओझं आपण उचलायचं आणि वाट बघायची. पुढे आयुष्यभर त्यांनी हेच केलं, फक्त ओझं मोठं होत गेलं.

१९३० साली नोकरी सोडली आणि चळवळीत उडी मारली. धुळ्याच्या जेलमध्ये टाकलं, तिथून लांब त्रिचनापल्लीला पाठवलं. तिथे दक्षिणेतले कैदी सोबत, त्यांची भाषा येत नाही, आपण एका देशाचे म्हणतो आणि एकमेकांचं काहीच माहिती नाही ही गोष्ट त्यांना लागली. आंतरभारतीचं स्वप्न, म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या लोकांनी एकमेकांची भाषा शिकून एकमेकांना ओळखावं हे, त्यातूनच पुढे आलं, आणि तमिळमधला कुरल हा जुना ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. दुसरा कोणी असता तर जेलमध्ये दिवस मोजत बसला असता.

आता मी धुळ्याची म्हणून मला सगळ्यात जवळचं वाटतं ते १९३२ चं. परत जेल, आपलंच धुळ्याचं, आणि तिथे विनोबा पण. जमनालाल बजाज पण होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलायचे, अठरा रविवार अठरा अध्याय, आणि गुरुजी बसून लिहून घ्यायचे. रेकॉर्डर नाही काही नाही, समोरचा बोलतोय आणि हा माणूस भराभरा लिहितोय. आज गीता प्रवचने देशातल्या किती भाषांमध्ये वाचतात लोक, ती या हातामुळे उरली. स्वतः एवढा लेखक, आणि दुसऱ्याचं बोलणं हरवू नये म्हणून चार महिने दर रविवारी खाली मान घालून लिहीत बसला. जेलवरून जाताना दर वेळेला मला तीच खाली घातलेली मान आठवते, खरंच सांगते. रडणारा माणूस नाही आठवत.

श्यामची आई पण जेलमध्येच लिहिली, नाशिकला, १९३३ च्या फेब्रुवारीत, पाच दिवसांत. ती सगळ्यांना माहितीच आहे.

मग फैजपूर. डिसेंबर १९३६, काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच शहर सोडून खेड्यात झालं, आणि ते आपल्या यावल तालुक्यात! नेहरू अध्यक्ष, गांधीजी आलेले, चित्रकार नंदलाल बोसांनी बांबूने सगळं सजवलेलं. धनाजी नाना चौधरी पोलिसातली नोकरी सोडून चळवळीत आलेले, त्यांच्यासारख्या लोकांनी ते उभं केलं आणि गुरुजी गावोगाव फिरून त्याच्यासाठी राबले. केळीच्या बागांमधून एवढा देश येऊन गेला आणि आपल्या पोरांना ते माहिती नाही, याला आपण मास्तर लोकच जबाबदार आहोत.

आणि रडके म्हणणाऱ्यांनी पंढरपूर वाचावं. विठ्ठलाच्या देवळात हरिजनांना जाता येत नाही म्हणून आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांना समजावलं, मग १ मे १९४७ ला तनपुरे महाराजांच्या मठात उपवासाला बसले. उपवास सोडा म्हणून गांधीजींची तार आली. ज्यांना देव मानायचे त्यांची तार! तरी नाही उठले. दहा दिवस. देऊळ उघडायचं ठरलं तेव्हाच सोडला. माझी आजी अहिराणीत म्हणायची, "गुरुजी रडका नहीं व्हतात, हट्टी व्हतात." मला एवढं लिहूनही तिच्याइतकं नीट सांगता आलेलं नाही.

गांधीजींना मारलं तेव्हा २१ दिवस परत उपवास. १५ ऑगस्ट १९४८ ला साधना साप्ताहिक काढलं, ते अजून चालू आहे. आणि ११ जून १९५० ला गेले, स्वतःहूनच गेले, पन्नाशीत. भाच्याने विचारलं का गेले, तेव्हा मी खोटं नाही सांगितलं. म्हटलं सगळ्यांचं दुःख उचलणाऱ्या माणसाचं दुःख कोणीतरी वेळेवर विचारायला हवं होतं. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता.

अमळनेरला शाळेचं आवार बघितलं, २०२४ ला ९७ वं साहित्य संमेलन जिथे झालं ते प्रताप कॉलेज बघितलं, ऊन फार होतं म्हणून लवकर निघालो. घरी आल्यावर रात्री बघते तर पोराने स्वतःची गादी आवरली होती आणि माझ्या आईची पण, वर चादरीची घडी वाकडीतिकडी. मी काही बोलले नाही, घडी तशीच राहू दिली.

डिसेंबरात तो परत येणार आहे, भरीत खायला. तेव्हा त्याला फैजपूरला न्यायचं ठरलंय, २७ तारखेलाच, अधिवेशन सुरू झालं ती तारीख.