टॅपनंतरचा सिग्नल

सकाळी आठला तिचा फोन आला. रात्रपाळी संपवून घरी निघालेली. "काका, लायसन्स जाणार का हो माझं?" एवढंच बोलली आणि रडायला लागली.

मी ब्रिटनमध्ये, बर्मिंगहॅमला गाडी शिकवतो. ही कोल्हापूरची नर्स माझ्याकडे शिकून पाच महिन्यांपूर्वी पास झालेली. भारतीय लायसन्सवर इथे १२ महिनेच चालवता येतं, पुढे इथली परीक्षा द्यावीच लागते.

ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीशी गाडी थांबवून तिने मशीनला फोन टॅप करून पैसे दिले, कॉफी घेतली. यात काही चुकलं नाही. २५ मार्च २०२२ पासून गाडी चालवताना फोन हातात धरून फोटो काढणं, गाणं बदलणं, सगळंच गुन्हा झालं. पण टॅप करून पैसे द्यायची सवलत मुद्दाम ठेवली. गाडी उभी हवी आणि वस्तू त्याच वेळी किंवा नंतर मिळायला हवी. तिने पैसे दिले आणि फोन मांडीवरच राहू दिला. पुढच्या लाल सिग्नलला, किती कापले ते बघायला उचलला. शेजारच्या लेनमध्ये पोलिसांची गाडी उभी.

"पण काका, इंजिन बंद होतं!"

होतंच. हल्लीच्या गाड्यांत थांबलं की ते आपोआप बंद पडतं. कायद्याच्या लेखी मात्र सिग्नलला थांबलेला माणूस गाडी चालवतोच आहे. २०० पाउंड दंड आणि लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट. पास होऊन दोन वर्षं झाली नसतील, तर ६ पॉइंटांवर लायसन्स रद्द. पुन्हा प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स, पुन्हा थिअरी, पुन्हा रस्त्यावरची परीक्षा. खोटा धीर देववेना, सगळं स्पष्ट सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

दिवसभर मला एकच गोष्ट टोचत राहिली. 'फोनला हात लावायचा नाही' हे मी तिला शंभरदा बजावलं होतं. शिकवताना शेजारी बसलेल्या मलाही तोच नियम आहे. पण पैसे देऊन झाल्यावर फोन कुठे ठेवायचा, हे एकदाही करून घेतलं नव्हतं.

आता प्रत्येकाला ड्राइव्ह-थ्रूला नेतो. हँडब्रेक, टॅप, फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात, कप्पा बंद, मगच गिअर.

काही आठवड्यांनी ती नवं प्रोव्हिजनल घेऊन माझ्याकडे परत आली. मी सीटबेल्ट लावेपर्यंत तिने पर्समधून फोन काढला, बंद केला, कप्प्यात ठेवला आणि झाकण नीट लागलंय का ते अंगठ्याने दाबून पाहिलं.