अंगणातला फुलांचा वाफा: खोल खणू नका, वर उचला

सोलापुरात घरापुढं वाफा करायचा म्हटलं की आधी फूटभर खड्डा घ्यायचा, त्यात नर्सरीतली लाल माती भरायची आणि रोपं लावायची, ही ठरलेली पद्धत. दोन महिने सगळं छान चालतं. मग सप्टेंबरात, आपल्याकडचा खरा पाऊस पडतो तेव्हा, त्या खड्ड्याचा हौद होतो. भोवतीची काळी माती फुगून घट्ट बसलेली, पाणी जाणार कुठं? मुळं कुजतात, रोप मान टाकतं, आणि ते वाळतंय असं समजून वरून आणखी पाणी घातलं जातं.

खात्री करायची तर फूटभर खोल खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही दिसलं तर वाफा जमिनीच्या वरच हवा.

दहा फूट लांब, तीन फूट रुंद वाफ्याला नऊ इंच उंची पुरते. घराच्या भिंतीपासून दोन फूट तरी लांब राहा. ओली काळी माती फुगते, वाळली की आकसते, आणि ही ओढाताण पायाशी नको. कडेला शहाबादीच्या सव्वा फुटी पट्ट्या उभ्या लावा: सहा इंच जमिनीत, नऊ इंच वर. सांधे सिमेंटनं भरू नका, जास्तीचं पाणी तिथूनच निघतं.

तळाची जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण हाताला न चिकटणारी असतानाच कुदळीनं सहा इंच मोकळी करा. ओली असताना हात घातला तर ढेकळं पडतात आणि ती वर्षभर फुटत नाहीत. हराळीच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी हातानं वेचाव्या लागतात, त्याला दुसरा इलाज नाही. मे महिन्यात माती भिजवून वर पारदर्शक प्लास्टिक महिना-दीड महिना ताणून ठेवलं तर तणाचं बी आणि बुरशी बरीच मरते, लव्हाळ्याच्या गाठी मात्र त्यालाही पुरून उरतात.

भरणीला साधारण 12 लिटरची 56 घमेली लागतात: 28 काळी माती, 14 बारीक चाळलेला मुरूम, 14 कुजलेलं शेणखत. वर अर्धा किलो निंबोळी पेंड. मुरमाऐवजी थोडीशी वाळू घालून भागत नाही. तेवढ्यानं काळी माती मोकळी होण्याऐवजी विटेसारखी बसते. शेणखताच्या जागी साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) चालते, पण ताजी नको. ती आतून तापते आणि कोवळी मुळं भाजतात. मूठभर हातात घेतली तर गार लागली पाहिजे आणि वास मातीचा आला पाहिजे. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते, तेही टाळा. पहिल्या दोन-तीन पाण्यांत भरणी दोनेक इंच खचते, तेवढं मिश्रण बाजूला राखून ठेवा.

पाण्याचं गणित सोपं आहे. एवढ्या वाफ्याला उन्हाळ्यात रोज 20 लिटरच्या आसपास पाणी लागतं. एक फुटावर ड्रिपर असलेल्या इनलाइन नळीच्या दोन ओळी टाका. ताशी 2 लिटरचे वीस ड्रिपर अर्ध्या तासात तेवढं देतात. डाळिंबवाल्यांमुळं हे सामान आपल्याकडे सहज मिळतं. गच्चीवरच्या टाकीचा दाब कमी पडतो का, ते एका ड्रिपरखाली कप धरून बघा: मिनिटाला 33 मिली यायला हवं. कमी आलं तर वेळ वाढवा. वर उसाच्या पाचटाचं दोन इंच आच्छादन घाला, खोडापासून मात्र दोन बोटं लांब. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी वाफ्यात सोडणं ही बचत नव्हे. त्यात क्षार एकवटलेले असतात, मातीवर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात.

मोगरा, जास्वंद आणि एक्झोराची शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे दृश्य इथं नेहमीचं. लगेच युरिया टाकू नका. नत्र कमी पडलं तर आधी खालची पानं पिवळी पडतात. शेंडा पिवळा म्हणजे लोह कमी. चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही, म्हणून हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकूनही फारसा उपयोग होत नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी परत. मातीतूनच द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट (मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह) घ्या. स्वस्त मिळणारं ईडीटीएचं लोह असल्या मातीत टिकत नाही.

पश्चिमेचं ऊन घेणाऱ्या अंगणात सदाफुली, ऑफिस टाइम (चिनी गुलाब), बुटका कण्हेर लावा. पूर्वेला मोगरा, तीन-तीन फुटांवर. दसऱ्याच्या झेंडूची रोपं लावणीनंतर साधारण दोन महिन्यांनी फुलतात, त्यामुळं दसऱ्याची तारीख बघून मागं मोजा. अंतर सव्वा फूट. लावणीनंतर महिन्याभरात शेंडा खुडला तर फांद्या फुटतात आणि फुलं जास्त येतात, पण आठ-दहा दिवस उशिरा. तेवढे दिवस हाताशी नसतील तर शेंडा खुडू नका.